ठिबकचे ग्रोमेट रोज पहाटे का निघतात? (सबमेन, जोड आणि फिटिंगबद्दल)

अंबडचा बागवाला

रामराम मंडळी. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात आमची चार एकर मोसंबी आहे, अठरा बाय अठरा फुटांवर. २०१२-१३ च्या दुष्काळात आजूबाजूच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. वडिलांनी टँकर विकत घेऊन आमची अर्धी बाग कशीबशी जगवली. त्यामुळं पाणी वाया गेलेलं घरात कोणालाच बघवत नाही.

मागच्या मे महिन्यात जुनं ठिबक काढून नवा संच बसवला. झाडाच्या दोन्ही बाजूंनी एकेक इनलाइन नळी (आतच ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, असलेली), त्या नळ्यांना पाणी देणारी ६३ एमएमची सबमेन, एकराला एक व्हॉल्व्ह. पावसाळ्यात चालवायचं काम पडलं नाही. आता जानेवारीत आंबिया बहाराचा ताण (फूल यावं म्हणून बंद ठेवलेलं पाणी) तोडायला पाणी सोडलं आणि रोज सकाळी तीच गत. सबमेनवरचे आठ-दहा ग्रोमेट (नळी जोडायला भोकात बसवलेले रबरी बूच) निघालेले, जागोजागी कारंजी, खाली चिखल, आणि ओळीतली शेवटची चार-पाच झाडं कोरडी. ताण तुटताना पाणी कमी-जास्त झालं की फूल मागं-पुढं निघतं आणि पुढं फळाची साइज मिळत नाही, हे बागवाल्यांना सांगायला नको. दोन वेळा तर व्हॉल्व्हपुढचा एल्बोच (काटकोनी वळणाचा तुकडा) जागा सोडून बाहेर आला.

दुकानदार म्हणतो माल एक नंबर आहे, फिटरनं नीट बसवलं नाही. फिटर म्हणतो दुकानदारानं ग्रोमेट हलके दिले. कोणाचं खरं धरायचं? नवे ग्रोमेट आणून सगळे बदलू का?

तेरणाकाठ

आमच्याकडं टोमॅटोला हेच झालं होतं दादा. सध्यापुरतं म्हणून सायकलच्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून टेक-ऑफच्या (ग्रोमेटमध्ये घुसवून नळी जोडायच्या तुकड्याच्या) बुडाला ताणून गुंडाळायचे. दोन-चार दिवस टिकतं. पण रोज सकाळी हातात कात्री आणि ट्यूब घेऊन फिरायचं म्हणजे बाकीची कामं राहतात. पक्का इलाज मलाही पाहिजे, म्हणून धाग्यावर बसून आहे.

परभणीचा फिटर

बागवाले, नवे ग्रोमेट आणायची घाई करू नका. मी बावीस वर्षं ठिबक आणि पाइपलाइनचं काम करतोय. आधी एवढं सांगा.

ग्रोमेट रबरासकट भोकातून निघतो, की रबर जागेवर राहून नुसता टेक-ऑफ बाहेर येतो? नळ्या अंथरल्या तेव्हा ताणून खुंट्या मारल्या होत्या का, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? भोकं ड्रिलनं पाडली की सळई तापवून? मोटारीला ऑटो स्विच आहे का? सबमेन किती खोल आहे आणि रान काळं आहे की मुरमाड?

अंबडचा बागवाला

भाऊ, एकेक सांगतो.

बहुतेक ठिकाणी रबर जागेवरच, टेक-ऑफ तेवढा निघून नळीसोबत वीतभर मागं गेलेला असतो. दहातले दोन-तीन रबरासकट निघतात. नळ्या मे महिन्यात भर दुपारी अंथरल्या. गडी दोन्ही टोकांना धरून ओढत होते, सरळ रेषेत दिसाव्यात म्हणून. पहिल्या दिवशी भोकं ड्रिलनं पाडली. दुसऱ्या दिवशी लाईट नव्हती, तेव्हा सळई तापवून पाडली. ऑटो स्विच आहे, थ्री फेज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. सबमेन फूटभर खोल असेल, जास्त नाही. रान काळं, भेगा पडतात असं.

परभणीचा फिटर

मग दुकानदाराचा माल फार वाईट आहे असं मला वाटत नाही. तुमच्या उत्तरात तीन वेगवेगळे आजार आहेत, आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिला आजार नळीचा. काळी नळी मे महिन्याच्या उन्हात तापून लांब होते. प्लॅस्टिक आहे ते, उन्हानं वाढतं आणि थंडीनं आखडतं. तुमची ओळ ८० मीटर धरा. एक मीटर नळी एका अंशाला साधारण ०.२ मिलिमीटर कमी-जास्त होते. वीस अंश उतरले की ८० मीटरला ३२ सेंटिमीटर, म्हणजे फूटभर. मे महिन्यात दुपारी हात लावू देत नव्हती ती नळी आणि जानेवारीतल्या पहाटेची नळी यात वीसपेक्षा जास्त फरक आहे. तुम्ही ती आधीच ताणून दोन्हीकडं बांधली. आता आखडायला जागाच नाही म्हटल्यावर ती सगळ्यात कच्ची जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे टेक-ऑफ. म्हणून पहाटे निघतात, म्हणून नळीसोबत मागं जातात.

इलाजाला पैसा लागत नाही. शेवटच्या टोकाची खुंटी काढा. नळी सबमेनकडं दीड-दोन फूट सरकवा आणि टेक-ऑफजवळ ढिली, किंचित वाकडी ठेवा. पुढं ओळीतही नागमोडी राहू द्या. दिसायला चांगली दिसत नाही, पण नळी अशीच पाहिजे. खुंटी परत मारायची तर नळी तिच्यात सरकली पाहिजे, आवळून बांधायची नाही. नवीन अंथरणाऱ्यांनी सकाळी थंड वेळेला अंथरावी.

दुसरा आजार भोकाचा. जे ग्रोमेट रबरासकट निघतात ते बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या सळईच्या भोकांवरचे असणार, मोजून बघा. सळईनं पाडलेलं भोक गोल होत नाही, कडेला प्लॅस्टिक वितळून जाड ओठ तयार होतो. ग्रोमेटच्या रबराला मधून एक खाच असते आणि पाइपची भिंत त्या खाचेत चपखल बसावी लागते. ओठामुळं ती अर्धवट बसते. प्रत्येक ग्रोमेटला ठरलेल्या मापाचाच ड्रिल लागतो. दुकानातून ग्रोमेट घेताना त्याच्याच मापाचा ड्रिल मागून घ्यायचा, घरातला जवळपासचा चालवायचा नाही. भोक पाडल्यावर कड ब्लेडनं साफ करा, रबर साबणाच्या पाण्यात बुडवा, आधी एक बाजू आत घालून मग अंगठ्यानं दाबत बसवा. टेक-ऑफ त्यानंतर. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगून खराब होतं.

सळईचं बिघडलेलं भोक परत नीट होत नाही. तिथं पाइप आडवा कापून कपलर (दोन पाइप जोडायचा तुकडा) टाकायचा आणि शेजारी नवीन भोक घ्यायचं. थोडी भोकं असतील तर त्यावर सर्व्हिस सॅडल आवळा, खालून रबर येतं आणि वरून नट-बोल्टानं पकडतं. महाग पडतं, पण पाइप कापावा लागत नाही. एक लक्षात ठेवा, ड्रिलचा चुरा पाइपात पडतो आणि तोच पुढं जाऊन ड्रीपर बंद करतो. सगळं झालं की सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून दहा मिनिटं पाणी वाहू द्या, नंतर नळ्यांची टोकंही.

तिसरा आजार एल्बोचा, त्यावर रात्री सविस्तर लिहितो. आता साइटवर निघालोय.

मांजरापट्टा

फिटरभाऊंचं नळीचं गणित वाचून मी आमच्या उसाच्या नळ्या जाऊन बघितल्या. खरंच, पहाटे सबमेनजवळ तुणतुण्याच्या तारेसारख्या ताठ असतात आणि दुपारी हातभर ढिल्या.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. लातूर तालुक्यात ऊस, पाच फुटी सरी, १६ एमएम इनलाइन, ४० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रीपर. एक एकर एका व्हॉल्व्हवर, सबमेन ६३ चीच. जोड एकही गळत नाही, तरी शेवटच्या सऱ्या कोरड्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस डोळ्यासमोर आहेत, म्हणून ठिबकला खर्च केला. पाणी पोचतच नसेल तर उपयोग काय?

परभणीचा फिटर

मांजरापट्टा, तुमचं दुखणं मापाचं आहे. एकरात पाच फुटी सरीला साधारण २,६५० मीटर नळी बसते. ४० सेंटिमीटरवर ड्रीपर म्हणजे ६,६०० च्या वर ड्रीपर. गुणिले ४ लिटर, तासाला साडेसव्वीस हजार लिटर, सेकंदाला सव्वासात लिटरच्या पुढं. ६३ च्या पाइपातून एवढं पाणी न्यायचं तर ते सेकंदाला पावणेतीन मीटरनं पळतं. आम्ही दीड मीटरच्या वर जाऊ देत नाही. पुढं गेलं की सगळं प्रेशर घासण्यातच संपतं.

एक तर एकराचे दोन भाग करा आणि दोन व्हॉल्व्हवर पाळीपाळीनं चालवा, सबमेन आहे ती पुरते. नाही तर सबमेन ९० ची टाका. ऊस उभा असताना दुसरं होणार नाही, म्हणून मी दोन व्हॉल्व्हच सुचवतो. त्याला एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह आणि थोडा पाइप एवढंच लागेल.

आणि इंच-एमएमचा घोळ करू नका. आपल्याकडं ६३ ला दोन इंची म्हणतात, ७५ ला अडीच, ९० ला तीन आणि ११० ला चार. पीव्हीसीचा एमएम आकडा हा बाहेरचा व्यास आहे. ७५ म्हणजे तीन इंच असा हिशेब करून तीन इंची कपलर आणला तर त्यात पाइप डगडगतो, आणि मग लोक कापड गुंडाळून पाइप चिकटवायचं सोल्युशन ओततात. मी असे जोड उकरून काढलेत.

मांजरापट्टा

समजलं भाऊ. दोन व्हॉल्व्ह करतो.

आखाड्यावरून

हिंगोलीकडून लिहितोय. तुषार संचाबद्दल एक सांगायचं होतं, विषयाला जवळचं आहे म्हणून. हरभऱ्याला पाइप जोडताना कपलरच्या तोंडाशी पाणी गळतं तेव्हा लोक क्लिप वाकवत बसतात. गळती क्लिपची नसते, आतल्या रबर रिंगची असते, आमच्याकडं वायसर म्हणतात. हंगाम संपला की वायसर काढून धुऊन पिशवीत घालून सावलीत ठेवावेत. पाइपसोबत उन्हात राहिले की कडक होऊन तडकतात. बसवताना त्याच्या ओठाची बाजू पाण्याकडं, म्हणजे दाब आला की तो आपोआप फुलून घट्ट बसतो. उलटा बसवला की कितीही आवळा, गळणारच.

ठिबकला आमचा दुसरा वैरी म्हणजे खार आणि उंदीर. उन्हाळ्यात प्यायला पाणी नसलं की नळी कुरतडतात. दोष त्यांचा तरी कसा द्यायचा. मी बांधावर चार ठिकाणी मातीची परळं भरून ठेवतो, तेव्हापासून कुरतडणं खूप कमी झालं. तरी खिशात तुटलेली नळी जोडायचे पाच-सहा जॉइनर असतातच.

तेरणाकाठ

जॉइनरवरून आठवलं. माझ्याकडं दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेली नळी आहे, दोन्ही १६ चीच. एकीत जॉइनर इतका घट्ट की हात सोलतात, दुसरीत इतका सैल की प्रेशर आलं की उडतो. असं कामून?

दुसरं म्हणजे, नळी घट्ट असली की आमचा गडी लायटर धरून टोक मऊ करतो. चालतं का?

परभणीचा फिटर

ताई, १६ हा बाहेरचा व्यास, आणि नळीची भिंत जाड-पातळ असते. भिंत पातळ तेवढं आतलं भोक मोठं, म्हणून जॉइनर सैल. नळीवर आयएसआयचा शिक्का, क्लास आणि माप छापलेलं असतं ते वाचा, जॉइनर त्याच मापाचा मागा, आणि नळीचा तुकडा सोबत न्या. सैल बसणाऱ्या नळीला आवळायच्या रिंगचा जॉइनर मिळतो, तो घ्या.

लायटर बंदच करा. ज्योतीनं नळी एका बाजूनं पातळ होते आणि तिथंच पुढं फाटते. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं, टोक अर्धा मिनिट बुडवायचं, जॉइनर सरळ दाबायचा. फिरवत फिरवत घालू नका, काटे घासून जातात.

आता बागवाल्यांच्या एल्बोबद्दल.

रात्री लाईट आली, ऑटो स्विचनं मोटार आपोआप सुरू झाली. मधल्या काळात पाइपातलं पाणी उतरून त्यात हवा भरलेली. पाणी मोकळ्या पाइपातून धावत येतं आणि पहिल्या वळणावर आदळतं. ६३ च्या पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर. प्रेशर चौरस सेंटिमीटरला २ किलो असलं तरी एंड कॅपवर (पाइपाच्या टोकाच्या टोपणावर) ६२ किलोचा रेटा, सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त. काटकोनातल्या एल्बोवर त्याच्या जवळपास दीडपट. आणि पाणी आदळतं त्या क्षणी प्रेशर दोनवर थांबत नाही. त्यात तुमचं रान काळं, हिवाळ्यात सुकायला लागलं की माती आखडते, भेग पाइपला सोबत ओढते, आणि पाइप फूटभरच खोल. सोल्युशनचा जोड हे सगळं एकट्यानं कसं सहन करणार?

चारी दोन फूट खोल घ्या. नांगर-रोटाव्हेटरही लागणार नाही आणि वरच्या भेगांचा ओढाही कमी होईल. पाइपखाली आणि बाजूनं चार बोटं मुरूम किंवा वाळू टाका, ढेकळं टाकू नका. एल्बो, टी आणि एंड कॅपच्या पाठीमागं, म्हणजे पाणी ज्या दिशेला ढकलतं त्या बाजूला, न उकरलेल्या घट्ट मातीला टेकून काँक्रीट भरा. घमेलंभर पुरतं. जोड उघडा राहू द्या, काँक्रीट फक्त टेकू म्हणून.

मेन लाईन जिथं सगळ्यात उंच आहे तिथं एअर व्हॉल्व्ह बसवा. भरताना हवा बाहेर जाते आणि मोटार बंद झाल्यावर आत येते. हे दुसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही. हवा आत आली नाही तर उतरणारं पाणी ड्रीपरमधून ओढ घेतं आणि काळ्या रानातला चिखल सरळ ड्रीपरमध्ये जातो. तुमच्या ड्रीपरमधून माती निघत असेल तर ती फिल्टरमधून आली असं धरून चालू नका, आधी एअर व्हॉल्व्ह बघा.

ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर लाईट आल्यावर थोडं थांबून मोटार सुरू करणारा टायमर लावा. फिल्टरपुढचा व्हॉल्व्ह पूर्ण न उघडता अर्धा ठेवला तर पाइप हळू भरतो. आणि शेताचा एकतरी व्हॉल्व्ह उघडा आहे याची झोपण्याआधी खात्री करा. सगळे बंद असताना मोटार सुरू झाली की कुठं ना कुठं फुटणार.

अंबडचा बागवाला

भाऊ, वाचताना अंगावर काटा आला. एल्बो दोन्ही वेळा रात्रीच निघाला होता आणि आम्ही सोल्युशनला दोष देत होतो. आता परत जोडताना काय काळजी घेऊ? शिवाय व्हॉल्व्हला जोडायचा चुड्यांचा (आट्यांचा) तुकडाही चिरलाय.

परभणीचा फिटर

सोल्युशन पातळ, मधासारखं वाहतं पाहिजे. गुळाच्या पाकासारखी तार यायला लागली की डबा टाकून द्या, थिनर घालून वापरू नका. पाइप काटकोनात कापा, बाहेरची धार कानसीनं मोडा, फडक्यानं कोरडा करा. एल्बो आत कुठवर जातो त्याची खूण करा. दोघांना पातळ हात द्या, लगेच आत ढकला, पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाही तर जोड स्वतःहून मागं सरकतो. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी सोल्युशन लावता लावताच सुकतं, हे काम सकाळी करा. चोवीस तास पाणी सोडू नका. गावात लोक दोन तासांत मोटार लावतात, मग तोच जोड वर्षभर पाझरतो.

चुड्यांचं सांगतो. प्लॅस्टिकचा एफटीए (आतून चुड्या असलेला तुकडा) घेऊन त्यात लोखंडी निपल आवळलं असणार. लोखंड आत शिरताना प्लॅस्टिक फाकवतं, म्हणून चीर जाते. उलटं करा, प्लॅस्टिकचा एमटीए (बाहेरून चुड्या असलेला) लोखंडी सॉकेटात घाला. टेफ्लॉन टेप चुड्यांच्या दिशेनं गुंडाळा, हातानं घट्ट करा आणि पान्यानं वर एखादा फेरा, बस्स. सुतळी-सफेदा प्लॅस्टिकच्या चुड्यांवर नको, सुतळी पाण्यानं फुगते आणि एमटीए चिरतो. व्हॉल्व्हच्या बाजूला युनियन (खोलता येणारा जोड) टाकून ठेवा, पुढच्या वेळी पाइप न कापता व्हॉल्व्ह काढता येईल.

गोदाकाठ

मी नवीन संच घेतोय, महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज केलाय. अनुदान लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्के मिळतं ते ठीक, पण या धाग्यातल्या एअर व्हॉल्व्ह, सॅडल, युनियन या वस्तू दुकानदारानं दिलेल्या कोटेशनमध्ये नाहीतच. मागितल्या तर म्हणाला गरज नाही.

परभणीचा फिटर

मागून घ्या. पाइप आणि नळीचा खर्च मोठा दिसतो म्हणून कोटेशन कमी करायला पहिली कात्री फिटिंगवर लागते. मला याचा राग येतो, कारण पुढं चारी उकरायची वेळ शेतकऱ्यावर येते. कोटेशनवर एअर व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह, फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज आणि जास्तीचे ग्रोमेट-जॉइनर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. दोन्ही गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक पडला की फिल्टर धुवायची वेळ झाली, गेज नसेल तर ते कळणार कसं?

अंबडचा बागवाला

अठरा दिवसांनी लिहितोय.

नळ्यांच्या खुंट्या काढून सगळ्या सबमेनकडं दोन-दोन फूट सरकवल्या. त्या रात्रीपासून नुसता टेक-ऑफ एकही निघाला नाही. रबरासकट निघणारे मोजले. २३ निघाले, २१ सळईच्या भोकांवरचे. तो सगळा तुकडा कापून ६३ चा नवा पाइप टाकला, ड्रिल नवा आणला. एल्बोमागं दगड आणि काँक्रीट भरलं, मेन लाईनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला. पहिल्यांदा मोटार सुरू केली तेव्हा त्यातून मिनिटभर हवा सूं करत निघत होती. वडील बाजूला उभे राहून ऐकत होते.

काल सकाळी ड्रीपरखाली डबी ठेवून सहा मिनिटं पाणी धरलं. ४ लिटरचा ड्रीपर म्हणजे ४०० मिली यायला पाहिजे. पहिल्या झाडापाशी ४०५ आलं, शेवटच्या झाडापाशी ३८०. आज शेवटच्या ओळीतही कळी दिसायला लागलीय, बाकीच्या बागेपेक्षा चार-पाच दिवस मागं आहे.

परभणीचा फिटर

२५ मिलीचा फरक चांगला आहे, त्याला हात लावू नका. मार्चमध्ये भेगा रुंद झाल्या की मोटार चालू ठेवून एकदा सबमेनवरून सावकाश चालत जा. ओल दिसेल तिथं खुणेची काडी रोवा आणि मला इथं कळवा.